मदत हवी आहे: अकाउंट्समधून डेटा अ‍ॅनालिसिसकडे कसं वळावं?

बरीच वर्षं अकाउंट्समध्ये आहे. बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या नोंदींशी आपला हिशेब जुळवणं), महिनाअखेरचा हिशेब आता डोळे मिटून होतो, आणि नेमका त्याचाच कंटाळा आलाय. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि पॉवर बीआय (डेटाचे आलेख-अहवाल बनवायचं सॉफ्टवेअर) शिकून झालं. ऑफिसमधला थकबाकीचा अहवालही एक्सेलमधून डॅशबोर्डवर आणला. साहेब खूश, पण दुसऱ्या विभागात जाण्याबद्दल विचारलं की ‘बघू’. बाहेर अर्ज केले तर अनुभव शून्य धरून फ्रेशरचा पगार सांगतात. गृहकर्जाचा हप्ता चालू आहे, त्यामुळे नोकरी सोडून पूर्णवेळ कोर्स जमणार नाही. करारात जोडकामाला मनाई आहे, म्हणजे फ्रीलान्सिंगही बाद. (कोर्सच्या लिंक कृपया नकोत, भरपूर साठल्यात!)

असा बदल केलेल्यांनी सांगावं: जुना अनुभव मोजला जावा म्हणून रेझ्युमेत नेमकं काय दाखवलंत? आणि आधी फायनान्स अ‍ॅनालिस्टसारखं मधलं पद घेतलंत की थेट उडी मारलीत?