मदत हवी आहे: अर्धगुणसूत्री विभाजनात गुणसूत्रं निम्मी होतात ती नेमकी कधी?

भाची यंदा दहावीला आहे, मराठी माध्यम. सूत्री विभाजन (एका पेशीच्या सारख्याच दोन पेशी होणं) तिला आकृत्यांसकट चोख येतं. गाडं अडलंय ते अर्धगुणसूत्रीवर, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या, दोन भागांत होणाऱ्या विभाजनावर. तिचं म्हणणं असं: कांद्याच्या पेशीत 16 गुणसूत्रं. विभाजनाआधी डीएनए दुप्पट होतो, म्हणजे प्रत्येक गुणसूत्राची दोन अर्धगुणसूत्रं. पहिल्या भागात 8-8 अशी वाटणी झाली तरी एकेका पेशीत धागे 16च! मग निम्मं काय झालं? आणि झालंच असेल, तर दुसरा भाग हवाच कशाला? मी कॉमर्सवाला, मला उत्तर देता येईना. पाठांतर नकोय, तिला पटलं पाहिजे.

प्रतिसाद १
भाची हुशार आहे. धागे मोजू नका, गुणसूत्रबिंदू मोजा. दोन अर्धगुणसूत्रं एकाच बिंदूला जोडलेली आहेत तोवर ते गुणसूत्र एकच. सूत्री विभाजनाच्या पश्चावस्थेत (गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जातात तो टप्पा) बिंदू दुभंगतात, म्हणून 16 ची घटकाभर 32 होतात आणि दोन्ही पेशींना 16-16 मिळतात. अर्धगुणसूत्रीच्या पहिल्या भागात बिंदू दुभंगतच नाहीत. आईकडचं आणि वडिलांकडचं अशी जी समजात जोडी असते, तीच फुटते. म्हणून 8. मात्र डीएनए अजून दुहेरी आहे, तो दुसऱ्या भागात सुटा होतो. दुसरा भाग त्याचसाठी.

दोन रंगांची लोकर घ्या. प्रत्येक रंगाचे दोन-दोन तुकडे एकेका शर्टाच्या बटणातून ओवा. बटण म्हणजे बिंदू. आधी रंग वेगळे करा, मग बटणं कापा.

प्रतिसाद २
एक पुरवणी. शाळेत कांद्याच्या मुळाचं टोक बघतात, तिथे फक्त सूत्री विभाजन दिसतं. अर्धगुणसूत्री बघायचं तर कोवळ्या कळीतले परागकोश लागतात. परीक्षेत इथे गुण जातात.

मूळ प्रश्नकर्ता
लोकर चालली! आता तिचा पुढचा प्रश्न: यात मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम कुठे बसतात?

प्रतिसाद १
तुमच्या त्या दोन रंगांतच. संकरित वाटाण्यात एका रंगावर गोल बीचं जनुक, दुसऱ्यावर सुरकुतलेल्या बीचं. रंग वेगळे झाले की निम्म्या युग्मकांत (प्रजननपेशींत) हे, निम्म्यांत ते. पुढच्या पिढीत मेंडेलला 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेल्या बिया मिळाल्या, साधारण 3:1. गंमत म्हणजे 1866 साली त्याचा निबंध छापून आला तेव्हा गुणसूत्रांचं हे वागणं कुणालाच ठाऊक नव्हतं. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ वॉल्टर सटनने नाकतोड्याच्या पेशी तपासून 1902-03 मध्ये हा मेळ घातला.

आता लोकरीचे दोन रंग शेजारी ठेवून एकेका धाग्याचं टोक कापा आणि आपसांत बदलून बांधा. हे झालं क्रॉसिंग ओव्हर. बदललेल्या टोकावर जनुक असेल, तर त्याची फारकत पहिल्या भागात न होता दुसऱ्यात होते. भाची हे विचारणारच, म्हणून आधीच सांगून ठेवतो.