‘अनबॅलन्स्ड’ फर्स्ट स्टेजला ‘असंतुलित’ म्हणावे का?

पैलतीर
स्कुबा डायव्हिंगच्या एका प्रशिक्षण-पुस्तिकेचे मराठी भाषांतर करताना फर्स्ट स्टेजच्या तुलनेच्या प्रकरणात माझे घोडे अडले आहे. ती म्हणजे श्वासाची हवा पुरवणाऱ्या रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग; सिलिंडरमधील सुमारे २०० बारचा दाब उतरवून तो भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा नऊ-दहा बारच अधिक राहील असे करणे हे तिचे काम, आणि पुढचे काम तोंडातल्या सेकंड स्टेजचे, हे येथे बहुतेकांना ठाऊक असेलच. बॅलन्स्डसाठी मी ‘संतुलित’ आणि अनबॅलन्स्डसाठी ‘असंतुलित’ लिहिले होते. मसुदा तपासणाऱ्या मालवणच्या प्रशिक्षकांनी समासात शेरा मारला, की हे वाचल्यावर एकही विद्यार्थी तो रेग्युलेटर तोंडात धरायला तयार होणार नाही. त्यांचे म्हणणे मला पटते, कारण स्कुबाप्रो कंपनीच्या एमके २ सारखी साधी अनबॅलन्स्ड पिस्टनची स्टेज हलते भाग कमी असल्यामुळे दणकट आणि दुरुस्तीला सोपी असते, तर ‘असंतुलित’ म्हटले की ती बिघडलेली वाटते. दुसरा शब्द कोणी सुचवाल का?

शब्दवेडी
‘संतुलित’मध्ये ‘तुला’ आहे, म्हणजे दोन पारडी आली, आणि या यंत्रात दुसरे पारडे कोणते हे जोवर सांगता येत नाही तोवर हा शब्द केवळ इंग्रजीची सावली आहे. ‘दाबनिरपेक्ष’ आणि ‘दाबसापेक्ष’ ही जोडी मला अधिक नेमकी वाटते. तिच्यात कोणावर ठपकाही येत नाही.

जुना फिटर
ताई, कोणता दाब? पाण्याचा दाब दर दहा मीटरला सुमारे एक बार वाढतो आणि त्यानुसार मधला दाब, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून सेकंड स्टेजकडे जाणाऱ्या हवेचा दाब, वाढवत नेणे हे दोन्ही प्रकारांचे कर्तव्यच आहे. या अर्थाने जी ‘दाबनिरपेक्ष’ असेल, ती खोल पाण्यात श्वास पुरवू शकणार नाही. प्रश्न फक्त सिलिंडरमधील दाबाचा आहे. अनबॅलन्स्ड पिस्टनमध्ये सिलिंडरची हवा झडपेच्या बैठकीला थेट खालून रेटते, म्हणजे स्प्रिंगच्या बरोबरीने झडप उघडण्यास मदत करते. सिलिंडर भरलेला असताना हा रेटा मोठा असतो, तो रिकामा होत गेला की रेटा ओसरतो आणि मधला दाब सुमारे एक-दीड बारने उतरतो. बॅलन्स्ड पिस्टनमध्ये तीच हवा दांड्याच्या टोकावर न येता दांड्याभोवती चारही बाजूंनी राहते, त्यामुळे तिचा रेटा उघडण्याच्या किंवा मिटण्याच्या दिशेने लागतच नाही. तेव्हा दुसरे पारडे शोधूनही सापडायचे नाही, कारण येथे तोलण्यापेक्षा वगळणे घडते. एवढ्यापुरता तुमचा आक्षेप मला मान्य आहे.

खाडीकाठ
वरच्या विवेचनातून एक महत्त्वाची गोष्ट निसटली. तो रेटा छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळे अनबॅलन्स्ड स्टेजचे छिद्र लहान ठेवावे लागते. म्हणूनच खोलात, सिलिंडर संपत आलेला असताना आणि दोघांना एकाच स्टेजवर श्वास घ्यायची वेळ आली तर, हवेचा पुरवठा तोकडा पडू शकतो. तारकर्लीच्या दहा-बारा मीटरवर नवख्या माणसाला हा फरक जाणवतही नाही. राहिला शब्दाचा प्रश्न. आमच्याकडे बोटीवर सगळे ‘फर्स्ट स्टेज’, ‘पिस्टन’, ‘डायफ्रॅम’ असेच म्हणतात, आणि ज्याला ते साहित्य हाताळायचे आहे त्याला दुकानात, कार्यशाळेत आणि डब्यावर हेच शब्द भेटणार आहेत. पुस्तिकेतच वेगळे शब्द शिकवून आपण कोणाचे भले करणार?

शब्दवेडी
या न्यायाने ‘झडप’ आणि ‘दाब’ हेही शब्द टाकून द्यावे लागतील, कारण डब्यावर तेही नसतात. पिस्टनला ‘दट्ट्या’ हा आपला शब्द आहे. पिचकारीतही तोच असतो. काही स्टेजमध्ये पिस्टनऐवजी जो लवचीक डायफ्रॅम असतो, त्याला ‘पडदा’ म्हटल्याने तर कोणाचेच अडणार नाही.

जुना फिटर
‘पडदा’ मी स्वतः वापरतो आणि तो चपखल आहे, कारण पाणी पलीकडे आणि यंत्रणा अलीकडे, ही त्या रचनेची खूणच त्यात येते. पिस्टनच्या स्टेजमध्ये स्प्रिंगच्या कप्प्यात पाणी शिरते, आणि त्याबरोबर गाळ व मीठही येते. पडदा असला की मुख्य झडप त्यापासून सुरक्षित राहते, तरी बाहेरच्या बाजूची स्प्रिंग सील केलेली नसेल तर भिजतेच. मात्र ‘दट्ट्या’ मला खटकतो. दट्ट्या म्हणजे भोक बुजवणारी भरीव वस्तू, आणि या पिस्टनचा दांडा पोकळ असून हवा त्याच्यातूनच वाहते. हवा जाऊ देणाऱ्या दट्ट्याची कल्पना कोणत्याही कारागिराला करून पाहायला सांगा.

उत्तरवारा
मी नॉर्वेत राहतो. येथे पाणी चार-पाच अंशांवर असते, त्यामुळे सील केलेली पडद्याची स्टेज आम्ही आधी पाहतो, कारण दाब एकदम उतरला की हवा थंड होते, स्प्रिंगपाशी बर्फ धरते आणि झडप उघडी राहून हवा धो धो वाहू लागते. युरोपच्या ईएन २५० या मानकात दहा अंशांखालच्या पाण्यासाठी वेगळी चाचणी आहे. ५० मीटरच्या दाबाखाली मिनिटाला ६२.५ लिटर श्वसन धरून, लिटरमागे ३ ज्यूलपेक्षा अधिक श्रम पडू नयेत, असेही ते मानक सांगते. पैलतीर यांच्या अडचणीबद्दल मला निराळेच विचारायचे आहे. त्यांच्या पुस्तिकेत ‘ओव्हरबॅलन्स्ड’ आले की ते काय करणार? ‘अतिसंतुलित’ म्हणजे संतुलनाची कमाल असा अर्थ निघेल. प्रत्यक्षात ॲपेक्स कंपनीच्या पद्धतीच्या सील केलेल्या स्टेजमध्ये बाहेरचा पडदा आतल्यापेक्षा मोठा असल्यामुळे पाण्याचा दाब वाढवून पुढे पोहोचतो, आणि खोली वाढेल तसा मधला दाब भोवतालच्या दाबापेक्षा वेगाने चढतो. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की आजोळी ‘गाडी उलाळ झाली’ म्हणत. ‘उलाळ’ चालेल का?

शब्दवेडी
‘उलाळ’ सुंदर शब्द आहे, आणि ‘उलाळणे’ हे क्रियापदही आपल्याकडे आहे. मी त्याला मत देते.

खाडीकाठ
उलाळ गाडी कोणालाच नको असते. ‘असंतुलित’ने घाबरणारा विद्यार्थी ‘उलाळ’ने निर्धास्त होईल, असे मला वाटत नाही. शिवाय मुंबई-पुण्याच्या पोराला आधी बैलगाडी समजावावी लागेल.

पैलतीर
सर्वांचे आभार. ‘संतुलित’ सोडून मी आता वर्तनावरून नाव द्यावे म्हणतो : ‘स्थिरदाबी’ आणि ‘उतरदाबी’. सिलिंडर रिकामा होताना मधला दाब टिकतो की उतरतो, एवढेच त्यातून कळेल.

जुना फिटर
पिस्टनपुरते ठीक आहे. पण जुन्या अनबॅलन्स्ड पडद्याच्या स्टेजमध्ये सिलिंडरचा दाब झडप मिटवून धरतो, त्यामुळे सिलिंडर रिकामा होत गेला की मधला दाब उलट चढतो. तिला ‘उतरदाबी’ कसे म्हणणार? तुमच्या तक्त्यात ती आहे का, हे आधी सांगा.

शब्दवेडी
तिला ‘चढदाबी’ म्हणता येईल. पण दट्ट्याचा प्रश्न मी अजून सोडलेला नाही. पोकळ दांड्याला ‘नळी’ म्हणा आणि वरच्या तबकडीला ‘दट्ट्या’, मग भरीवपणाचा आक्षेप कुठे उरतो?

जुना फिटर
त्या तबकडीलाही मध्ये भोक असते, ताई. हवा तिच्या माथ्यावर पोहोचल्याशिवाय झडप मिटणार कशी?