बारा दोष सक्तीचे, पण कधी?

या चर्चेत वर म्हटलंय की गोलावर स्फटिक वाढला की फुटबॉलसारखे १२ पंचकोनी दोष (म्हणजे सहाऐवजी पाचच शेजारी असलेल्या जागा) येणारच. ऑयलरच्या सूत्राचा (बंद आकृतीचे कोपरे, कडा आणि पृष्ठं यांच्या संख्यांचं नातं) हिशोब बरोबर आहे, पण तो लागू होतो गोल पूर्ण झाकला गेल्यावर. वाढत असलेल्या स्फटिकावर अशी सक्ती नाही, कारण त्याला कडा असते. २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला एक प्रयोग इथे कुणी काढलेला दिसत नाही. तेलातल्या पाण्याच्या थेंबांमध्ये प्लास्टिकचे अतिसूक्ष्म गोळे होते आणि ते थेंबाच्या आतल्या बाजूला चिकटून स्फटिक बनवत होते. सुरुवातीचा तुकडा सगळीकडून सारखाच वाढतो. मग मात्र तो पसरट होण्याऐवजी अरुंद पट्ट्यांसारखा लांबत जातो, त्याला फांद्या फुटतात, आणि मधे चक्क मोकळ्या जागा राहतात. पट्ट्यांच्या आत दोष जवळजवळ नाहीतच!

कारण ताणात आहे. चेंडूवर मोठा कागद चिकटवला तर चुण्या पडतात, बारीक पट्टी मात्र नीट बसते. वर्तुळाकार तुकड्याची त्रिज्या दुप्पट झाली तर कणांच्या चिकटण्यातून मिळणारी ऊर्जा साधारण चौपट होते, ताणाची मात्र ६४ पट. त्यामुळे रुंदी वाढवणं लवकरच तोट्याचं ठरतं. लांबी वाढवायला तेवढा भुर्दंड पडत नाही.

आणि नळकांडंही वक्र असलं, तरी त्याला गोलाच्या पंगतीत बसवू नका. ते उलगडून सपाट करता येतं, त्यामुळे तिथे हा ताणच नसतो.