शब्दचर्चा : 'रझाकार', 'हेफाजत' आणि 'स्वैराचार'

मूळचा नांदेडचा :
बांगलादेशातल्या 2024 च्या विद्यार्थी आंदोलनाबद्दल वाचताना एका जागी अडखळलो. 14 जुलैच्या रात्री ढाका विद्यापीठातली मुलंमुली वसतिगृहांतून बाहेर पडून 'तुमी के? आमी के? राजाकार, राजाकार!' (तू कोण? मी कोण? रझाकार, रझाकार!) अशा घोषणा देत होती म्हणे. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून 'रझाकारात गाव सोडलं होतं' असं सांगतात. हा शब्द कुणी आपणहून अंगाला लावून घेईल हे काही डोक्यात शिरेना. तिकडे अर्थ वेगळा आहे का?

शब्दखोर :
मुळात शब्द निरुपद्रवी आहे हो. अरबी 'रिझा' म्हणजे राजीखुशी (आपले 'राजी' आणि 'रजा' त्याच घरातले), त्याला फारसी 'कार' जोडलं की झाला स्वखुशीने काम करणारा, स्वयंसेवक. उर्दूत या साध्या अर्थाने तो अजून चालतो. आपल्याकडे निजामाच्या हैदराबाद संस्थानात कासिम रझवीच्या सशस्त्र संघटनेने त्याची जी वाट लावली, ती 1948 च्या पोलीस कारवाईने संस्थान भारतात आल्यानंतरही सुधारली नाही. हा रझवी लातूरला वकिली करायचा.

बंगालीची विद्यार्थिनी :
अर्थ वेगळा नाही, उलट जास्त जहरी आहे. 1971 च्या मुक्तियुद्धात पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, जनरल टिक्का खानच्या राजवटीने पाकिस्तानी लष्कराच्या मदतीला जे स्थानिक दल उभं केलं त्याचं नावच रझाकार. त्यामुळे तिकडे ही शिवी म्हणजे देशद्रोही, घरभेद्या आणि खुनी, सगळं एकत्र.

आता घोषणेचं. सरकारी नोकऱ्यांत त्या मुक्तियुद्धातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांना 30 टक्के कोटा होता. 2018 च्या आंदोलनानंतर तो रद्द झाला आणि जून 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालाने परत आला. मुलं त्याविरुद्ध बसली होती. 14 जुलैला पत्रकार परिषदेत तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना म्हणाल्या, मुक्तियोद्ध्यांच्या 'नातिपुतीं'ना मिळायचं नाही, तर काय रझाकारांच्या नातिपुतींना मिळणार? (नातिपुती म्हणजे आपली नातवंडं-पतवंडं.) त्याच रात्री घोषणा निघाली. तुम्ही वाचलंत ते अर्धंच. पुढची ओळ आहे, 'के बोलेछे? के बोलेछे? स्वैराचार, स्वैराचार!' म्हणजे कोण म्हणतंय, तर हुकूमशहा. काही ठिकाणी 'सरकार, सरकार' असंही ऐकू आलं. दुसरी एक घोषणा तर मराठीत जशीच्या तशी बसते : 'चाइते गेलाम अधिकार, होये गेलाम राजाकार.' मागायला गेलो अधिकार, होऊन बसलो रझाकार! सत्ताधाऱ्यांनी मात्र पहिली ओळ तेवढी उचलली आणि पोरं स्वतःला रझाकार म्हणवतात असा गवगवा केला. दुसऱ्या दिवशी सत्ताधारी पक्षाच्या छात्र लीग या विद्यार्थी संघटनेने विद्यापीठात मुलामुलींना बदडून काढलं. 16 जुलैला रंगपूरमध्ये अबू सय्यद हा विद्यार्थी हातात एक काठी घेऊन, दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला आणि त्याला गोळ्या घातल्या. त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. 18 तारखेला इंटरनेट बंद, पाठोपाठ संचारबंदी.

मूळचा नांदेडचा :
म्हणजे अर्धी घोषणा छापणाऱ्याने सरकारचीच री ओढली म्हणायची.

बंगालीची विद्यार्थिनी :
अगदी. याच काळातला आणखी एक शब्द सांगते, 'हेफाजत'. आपल्या कानाला हिफाजत म्हणजे सांभाळ, जपणूक. बंगालीत पोलिसांची 'हेफाजत' म्हणजे कोठडी. जुलैअखेर आंदोलनाच्या सहा समन्वयकांना पोलिसांच्या गुप्तचर शाखेने उचललं, त्यातल्या काहींना तर रुग्णालयातून. कारण काय दिलं, तर त्यांची सुरक्षितता! तिथे त्यांच्याकडून आंदोलन मागे घेतल्याचं निवेदन वाचून घेतलं. 1 ऑगस्टला सुटल्यावर ते जबरदस्तीने वाचायला लावल्याचं त्यांनी सांगितलं. इथे दोन्ही अर्थ एका शब्दात कोंबलेले दिसतात, आणि मला तरी हा प्रकार रझाकारपेक्षा कावेबाज वाटतो. शिवी निदान उघड असते.

शब्दखोर :
'स्वैराचार'वर थोडं. मराठीत स्वैराचार म्हणजे धरबंद नसलेलं वागणं, आणि बहुतेक वेळा रोख चारित्र्यावर. बंगालीत मात्र तो राजकीय शब्द आहे : एकाधिकारशाही, आणि ती चालवणारा माणूससुद्धा. 1980 च्या दशकातला बांगलादेशाचा लष्करी हुकूमशहा जनरल एर्शाद, त्याच्या विरोधात तो घासून गुळगुळीत झाला. नूर हुसेन हा तरुण 10 नोव्हेंबर 1987 रोजी उघड्या छातीवर 'स्वैराचार निपात जाक' (हुकूमशाही नष्ट होवो) आणि पाठीवर 'गणतंत्र मुक्ति पाक' (लोकशाही मुक्त होवो) असं रंगवून ढाक्याच्या मोर्चात उतरला आणि गोळीबारात मारला गेला. तो अवामी लीगचा कार्यकर्ता, म्हणजे हसीनांच्याच पक्षाचा. तो शब्द 2024 मध्ये त्यांच्यावरच उलटला. 5 ऑगस्टला त्या देश सोडून भारतात आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने फेब्रुवारी 2025 च्या अहवालात 1 जुलै ते 15 ऑगस्टमधल्या बळींचा आकडा 1,400 पर्यंत असू शकतो असं म्हटलंय. त्यात 12 ते 13 टक्के अल्पवयीन मुलं होती.

मूळचा नांदेडचा :
मग मराठीत ही घोषणा द्यायची कशी?

शब्दखोर :
दोन्ही ओळी द्या, आणि दुसरीत 'हुकूमशहा' लिहा. यमक जाईल, जाऊ द्या. 'स्वैराचार' तसाच ठेवलात तर वाचकाला वाटेल, पोरं पंतप्रधानबाईंच्या चालचलणुकीवर घोषणा देतायत.