अनुभव धागा: करता करता काय कळलं?

'अनुभव' म्हणजे अनु + भू: अनु म्हणजे मागोमाग, भू म्हणजे होणे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात (न्यायशास्त्राची ओळख करून देणारा जुना संस्कृत ग्रंथ) ज्ञानाचे दोनच भाग आहेत, स्मृती आणि अनुभव. नुसत्या संस्कारातून, म्हणजे आधीच्या ज्ञानाच्या मनावर उरलेल्या ठशातून, उगवते ती स्मृती, बाकी सगळा अनुभव. त्या हिशेबाने दुसऱ्याने सांगून कळलेलंही अनुभवातच जमा! बोलताना आपण तसं धरत नाही, म्हणून कोकणातल्या मंडळींनो, सांगूनही न कळलेलं आणि करता करता कळलेलं इथे लिहा.

देवगडहून: आंब्याची पारख. तयार फळाचे खांदे देठाच्या वर येतात, देठाशी खळगा पडतो, साल फिकी व्हायला लागते. हे पाठ असलं तरी घळ (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन झाडावर चढलं की पानांच्या सावलीत रंग फसवतो. आमचे गडी फळ तळहातावर घेऊन वजनावरून सांगतात. शंका आलीच तर पाण्याची बादली: तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. देठ मात्र थोडा ठेवूनच काढायचा, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि आढीत तिथे डाग धरतो. पेटी भरताना मी अजून वडिलांच्या हाताकडे बघतो.

गुहागरहून: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. कालवं काढायची तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तेव्हा पाणी लांब जातं. अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) फारसे खडक उघडे पडत नाहीत. गणित इथवर. पाणी वळलं हे आईच्या पायांना कळतं. घोट्याशी ओढ बदलली की ती पाटी उचलते, मोबाइलमधलं ॲप काहीही म्हणो.

राजापूरहून: खाणीतून नुकता काढलेला जांभ्याचा चिरा मऊ असतो, तेव्हाच तासून घ्यायचा. उन्हावाऱ्यात तो घट्ट होतो.

मालवणसून: घावणे. पीठ किती पातळ ता आवशीक (आईक) इचारला तर म्हणता, "अदमासान." तवो तापलो काय ता पाण्याच्या शिंतोड्यार कळता. पीठ ओतूचा कडेसून मदी. जाळी पडली तर बरा, नायतर पयलो घावणो कुत्र्याक.

धागाकर्ता: मालवणकर, अदमास म्हणजे किती वाट्या पाणी?

मालवणसून: रवा (थांबा), आवशीक इचारतंय.