बाळाच्या हार्ट ऑपरेशननंतर आवाज बसलाय – ऑक्सिमीटर कुठला घ्यावा?

कऱ्हाडची_आई: मुलगी पाच महिन्यांची. महाधमनी अरुंद होती आणि पीडीएही (जन्मानंतर मिटायला हवी ती हृदयाजवळची रक्तवाहिनी उघडीच राहणं) होता, दोन्हींचं ऑपरेशन पुण्यात झालं. महिना होत आलाय, टाके छान भरलेत. पण रडते तेव्हा चेहरा लालबुंद आणि आवाज दाराबाहेरही जात नाही. दूध पिताना ठसका लागतो, झोपेत श्वास घेताना बारीक आवाज येतो. पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. घरी ठेवायला ऑक्सिमीटर सुचवा. बजेट ३००० च्या आत. आणि एवढ्या लहान बाळाची घशाची दुर्बिणीतून तपासणी कुठे करतात?

दादा_पिंपरीवाले: नेब्युलायझर घ्या. आमच्याकडे धाकट्यापासून आजोबांपर्यंत सगळे एकच वापरतात. आठ वर्षं झाली, एक रुपया खर्च नाही.

निशिगंध: आम्ही पायात घालायचा मोज्यासारखा मॉनिटर दुबईहून मागवला. तीसेक हजार पडले, पण रात्री फोनवर सगळं दिसतं. लेकरापुढे बजेट काय बघायचं!

कऱ्हाडची_आई: ताई, ३००० लिहिलंय हो वर.

खडूस_काका: बोटाला लावायचे चिमटे मोठ्यांसाठी असतात. बाळाच्या बोटावर ते काहीही आकडे दाखवतात. आम्ही एकदा ८२ बघून मध्यरात्री गाडी काढली, तिथे लावला तर ९८! घ्यायचाच तर पावलाला गुंडाळायचा प्रोब असलेला घ्या.

सुगरण_सातारा: वेखंड उगाळून मधात चाटवा. आवाज मोकळा होतो.

मीनल_स: वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही! आणि ठसका लागणाऱ्या बाळाला चाटण देतात का कुणी?

सुगरण_सातारा: आम्ही चार पोरं अशीच वाढवली.

मीनल_स: त्या चौघांची हार्टची ऑपरेशनं झाली होती का?

एकेकाळची_आयसीयू_सिस्टर: भांडण नंतर करा. डाव्या स्वरतंतूची नस छातीत उतरते, पीडीएच्या शेजारी महाधमनीला खालून वळसा घालते आणि परत घशाकडे वर जाते. सर्जन तिथेच काम करत असतो, त्यामुळे ती ताणली किंवा दुखावली जाऊ शकते. मग स्वरतंतू हलत नाही: रडणं बारीक, आणि दूध श्वासनलिकेत उतरून ठसका. बऱ्याच बाळांमध्ये काही महिन्यांत सुधारणा होते. नेब्युलायझरने नस हलत नाही, दादा.
दुसरी शक्यता व्हेंटिलेटरच्या नळीची. स्वरतंतूंच्या खाली कूर्चेची अख्खी गोल कडी असते, तिथे आतून सूज येते, कधी व्रण होऊन वाट अरुंद होते. श्वासाचा आवाज दिवसेंदिवस वाढत असेल तर हे आधी बघायला हवं.
नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घालून स्वरतंतू ओपीडीत, भूल न देता बघता येतात. त्याखाली बघायचं तर थिएटर आणि भूल लागते. म्हणून ऑपरेशन झालं तिथेच जा, हृदयाच्या बाळांना भूल देणारे डॉक्टर तिथे असतात. तीन आठवडे थांबू नका, उद्याच फोन करा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला, ओठ निळसर झाले किंवा दूधच घेईनाशी झाली, तर सरळ १०८. ऑक्सिमीटर घेणार असाल तर काका म्हणतात तसाच.

दादा_पिंपरीवाले: तरी वाफेचा उपयोग होतोच.

पोर्णिमा_के: आमच्या भाच्याच्या वेळी डिस्चार्ज देताना आवाजाबद्दल चकार शब्द काढला नाही कुणी. वर 'रडून रडून बसलाय' म्हणाले. बाकी ऑक्सिमीटर पावलाचाच घ्या.

खडूस_काका: तेच मी वर लिहिलंय.

निशिगंध: मोज्यातही पावलाचाच असतो.

कऱ्हाडची_आई: सगळ्यांचे आभार. सिस्टर, फोन केला, परवाच बोलावलं आणि दुर्बिणीतून बघितलं. डावा स्वरतंतू हलत नाहीये. खालची वाट मोकळी वाटते, पण आवाज वाढला तर भूल देऊन बघू म्हणाले. गिळणं बघणाऱ्या थेरपिस्टने कुशीवर धरून, थांबत थांबत पाजायला शिकवलं. दूध घट्ट करायचं की नाही ते त्याच ठरवणार, घरी प्रयोग नकोत म्हणाल्या. काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण.
ऑक्सिमीटर घेतला नाही. सासरे रात्रभर आकडाच बघत बसले असते. डॉक्टरांना विचारलं, तुमच्या बाळाला गरज नाही म्हणाले. त्या पैशात बाळाचा वजनकाटा आणला. ठसक्यामुळे पोटात किती जातंय तेच कळत नव्हतं.

पोर्णिमा_के: चुकलात. ऑक्सिमीटर हवाच.

दादा_पिंपरीवाले: वजनकाटा कुठल्या कंपनीचा? सेलवर चालतो का?