पक्षाघातानंतरचा घरचा व्यायाम: बाबा करत नाहीत, आम्हीच त्यांचा हात हलवतो

दांडियाबाजारकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वडिलांना (वय 69) साडेचार महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूस पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात बराचसा लुळा आहे, पाय आधार धरून चालण्याइतका सुधारला आहे, आणि बोललेले सारे समजत असले तरी त्यांना स्वतःला शब्द उशिरा सापडतात. घरी येताना चौदा व्यायामांचा छापील कागद मिळाला होता. दीड महिना फिजिओथेरपिस्ट घरी येत असत. पुढे खर्च झेपेना म्हणून आम्ही ते थांबवले. आता आई रोज सकाळी त्यांचा हात धरून वर-खाली करते, बाबा खिडकीबाहेर पाहत बसतात, आणि अर्ध्या तासाने दोघेही एकमेकांवर चिडलेले असतात. भावाने दिवाणखान्यातल्या झोपाळ्याच्या कडीला कप्पी टांगली, डाव्या हाताने दोरी ओढून उजवा उचलता यावा म्हणून. चार दिवसांत खांदा दुखू लागला. घरच्यांनी नेमके काय करावे?

निवृत्त फिजिओ

कप्पी आधी उतरवा. पक्षाघातानंतर खांद्याचा सांधा जागेवर धरणारे स्नायू सैल पडतात, आणि अशा वेळी हात दोरीने डोक्यावर ओढला की सांध्यातले मऊ भाग चिमटतात. म्हणूनच या रुग्णांना डोक्यावरची कप्पी देऊ नये असे शिकवले जाते. उठवताना उजवा हात ओढणे किंवा बगलेत हात घालणे हेही बंद करा, आणि खांदा दुखत आहे तोवर तो एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या. मूठ आवळायला रबरी चेंडू दिला असेल तर मी तोही काढून घेईन, कारण बहुतेकांची बोटे आधीच मिटू पाहतात. अवघड असते ते उघडणे.

आईंनी हात हलवल्याने सांधा आखडत नाही, एवढा उपयोग आहेच. पण मेंदूने ती हालचाल पुन्हा शिकायची तर प्रयत्न बाबांचा असावा लागतो, मग हात दोन बोटे का सरकेना. चौदांतले दोनच व्यायाम सध्या ठेवा. टेबलावर टॉवेल पसरून त्यावर उजवा हात ठेवावा आणि समोरच्या वाटीपर्यंत सरकवावा, हा एक. दुसरा, आणि माझ्या मते घरच्या व्यायामांतला सर्वांत मोलाचा, खुर्चीवरून उठणे-बसणे. झोपाळ्यावर हे कधीही करू नये, त्याला पाट असला तरी तो मागे सरतो. हातांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी; पावले गुडघ्यांच्या किंचित मागे, आणि त्यातही उजवे पाऊल डाव्याहून थोडे मागे, म्हणजे भार दुबळ्या पायावर येतो; मग नाक पायाच्या बोटांपुढे जाईपर्यंत वाकून उठावे. आईंनी उजव्या बाजूला उभे राहून हात कमरेजवळ तयार ठेवावा, पण तोल जात नाही तोवर लावू नये. पाच-पाचच्या खेपा दिवसातून चारदा झाल्या तरी अर्ध्या तासाच्या एका सक्तीपेक्षा बऱ्या, कारण या आजारातला थकवा आळस नसतो.

मोजायचे मात्र बाबांनी. एक-दोन-तीन ही पाठ असलेली माळ, ज्यांना शब्द सापडत नाहीत त्यांनाही पुष्कळदा येते.

रावपुऱ्याची

माझ्या यजमानांना हाच आजार झाला, त्यांचाही उजवा हात गेला होता. कागदावरचे व्यायाम त्यांनी कधीच मनापासून केले नाहीत, पण उत्तरायणाला नातवाच्या पतंगाची फिरकी धरायची म्हटल्यावर लाटणे दोन्ही हातांत धरून गोल फिरवण्याचा सराव ते आपण होऊन करू लागले. बाबांना कशाची ओढ आहे ते पाहावे. आमच्याकडे वाटाणे सोलताना शेंग उजव्या हाताने दाबून धरायची आणि डाव्याने सोलायची, असा नेम होता. निम्मे वाटाणे जमिनीवर, आणि ते मी वेचत असे. एक मात्र सांगते: खिडकीबाहेर पाहत बसणे म्हणजे नेहमीच हट्ट नव्हे. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येते, त्याला औषध असते, आणि ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावे लागते. मी ते सांगायला सहा महिने लावले.

आकडेवाला

वरचे सारे मान्य, तरी फिजिओथेरपिस्ट पूर्ण थांबवण्याबद्दल थोडे विरोधी बोलतो. घरच्यांना शिकवून व्यायाम त्यांच्या हाती सोपवला तर काय होते, हे आपल्याच देशात तपासले गेले आहे. ‘अटेंड’ नावाची ती चाचणी 14 रुग्णालयांतल्या 1250 रुग्णांवर झाली आणि 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. एका गटात घरच्यांना शिकवले होते, दुसऱ्याला नेहमीचेच उपचार होते; सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत 47 टक्केच निघाले. याचा अर्थ घरचा व्यायाम फुकट, असा मी काढत नाही. पण आईंच्या खांद्यावर सारा भार टाकून सुधारणेची वाट पाहणे अन्यायाचे आहे. रोज परवडत नसेल तर महिन्यातून एकदा फिजिओंना बोलवावे, तेवढ्यात त्यांनी पाहावे, चुका सुधाराव्यात, जमलेला व्यायाम अवघड करून द्यावा. ‘सहा महिन्यांत झाले ते झाले’ असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. वेग मंदावतो, पण सरावाने त्यानंतरही फरक पडतो. आणि तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती नव्याने जाणे असे काही अचानक दिसले तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून 108 ला फोन करावा.

दांडियाबाजारकर

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे. कप्पी उतरवली, खांदा दाखवला, झोपाळाही तूर्त कडीवरून काढून ठेवला, यावर आईची नाराजी आहे. फिजिओ महिन्याला एकदा येणार आहेत. टेबलावर वाटीऐवजी बाबांचा चष्मा ठेवतो, कारण तो त्यांना हवा असतो. उठणे-बसणे दिवसाला वीसवर गेले आहे. काल आई ‘अकरा’नंतर एकदम ‘तेरा’ म्हणाली, तेव्हा बाबा अर्धवट उठलेले तसेच थांबले आणि स्पष्ट ‘बारा’ म्हणाले.